पुसलेल्या आकड्याचा खांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. दिव्याचा नव्हे, तारांचाही नव्हे. माणसाच्या कमरेहून थोडासा उंच, एके काळी निळा, आणि इंग्लंडातल्या नॉरफोकच्या सखल पाणथळ मुलखात ब्रॅकहॅम गावाच्या धक्क्यावर उभा. बोटी येतात, धक्क्याला दोर बांधतात आणि जाडजूड वायर माझ्या अंगात खुपसतात. मग माझ्या फटीत कार्ड घालतात. कार्डात असेल तेवढी वीज मी देतो. संपली की थांबतो. उधारी मला शिकवलेली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा वाकवला, रंग मारला, पोटात चार मीटर बसवले, अंगाला चार सॉकेट लावली आणि डोक्यावरच्या झाकणाखाली चार बटणं. एका माणसाने मला तपासलं, ‘चालतंय’ म्हणाला आणि डबा उघडून जेवायला बसला. कौतुक म्हणाल तर तेवढंच झालं.

धक्क्यावर आलो तेव्हा मात्र गाव खूश होतं. माझ्या आधी बोटवाले बॅटरी भरायला संध्याकाळभर इंजिन चालू ठेवत. धूर आणि धडधड. काठावरच्या घरांत कपडे वाळत घालायची सोय नव्हती. मी आलो आणि नदी गप्प झाली. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दोरीवर पांढऱ्या चादरी टाकल्या आणि जाता जाता माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं. मला काही वाटलं नाही. पत्र्याला काय वाटायचं?

माझी रीत साधी आहे. वायर ज्या नंबरच्या सॉकेटात असेल त्याच नंबरचं बटण कार्ड घातल्यावर दाबायचं. माझ्या छोट्या खिडकीत त्या नंबरचा आकडा वर चढतो आणि वीज वाहू लागते. एकदा माझ्या पोटात गेलेली वीज कार्डात परत जात नाही. म्हणून निघून जाणाऱ्याची उरलेली वीज मागून येणाऱ्याला मिळते. या नदीवर तशी पद्धतच आहे. जाताना कोणी मागे वळून बघत नाही, आल्यावर कोणी विचारत नाही. शिल्लक ठेवायची जिवावर येते म्हणून निघण्याआधी विजेच्या किटलीत उगाच पुन्हा पुन्हा पाणी उकळणारे महाभागही मी पाहिले आहेत. पण ते थोडे.

माझ्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या दोन बोटी होत्या. एक ‘मॅरिगोल्ड’, विल्फ आणि एनिड लार्टर यांची. विल्फने जन्मभर बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यावर बोट घेतली होती. दुसरी ‘पेशन्स’, हॉरेस बनची. पेशन्स म्हणजे सबुरी. बोटीला ते नाव होतं, मालकाकडे नुसतीच कुरकूर होती. सार्वजनिक धक्क्यावर कोणाची जागा ठरलेली नसते, तरी विल्फने एकदा ‘हॉरेसच्या’ जागी दोर बांधला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नसत. एकमेकांबद्दल जे काही बोलायचं ते हंसांना ऐकवत.

विल्फचं सॉकेट दोन नंबरचं. बाकीची मोकळी असली तरी दोनच. अंगठ्याने तो ते बटण असं दाबायचा, जणू बसचा हॉर्न वाजवतोय. एनिड बोटीच्या दारातून विचारायची, “झालं का?” तो म्हणायचा, “झालं गं, ये ऊब घ्यायला.” ती स्वतः माझ्यापर्यंत कधी आली नाही. यायची वेळच आली नाही. विल्फच्या अंगठ्याखाली त्या बटणावरचा आकडा हळूहळू झिजला आणि एक दिवस पार पुसला गेला. एक, मग कोरं, मग तीन आणि चार. विल्फला त्याचं काही अडत नव्हतं. त्याचा अंगठा वाचता येणाऱ्यातला होता.

मग एका शरद ऋतूत धक्क्यावर रुग्णवाहिका आली. विल्फ तिच्यातून गेला. एनिड परत आली, तो आला नाही.

तिच्याबरोबर जावई होता. त्याने वायर विल्फच्या सॉकेटात लावली आणि पहिलं कार्ड घातलं. “आई, आमच्याकडे चला ना. इथे थंडीत एकट्या कशाला?” तो म्हणाला.

“येईन म्हटलं ना. सावकाश येईन.”

“सावकाश म्हणजे कधी?”

“सावकाश म्हणजे सावकाश.”

जावई गेला. धक्क्यावर चोवीस तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही असा नियम आहे, त्याची पाटी माझ्याच शेजारी आहे. पण हिवाळ्यात नदीची गस्त घालणारी व्हेरिटी गूच मॅरिगोल्डजवळ किंवा पेशन्सजवळ आली की तिला पलीकडच्या काठावरचे बगळे बघायचे असत.

पहिलं कार्ड संपलं. एनिड विल्फचा कोट घालून बाहेर आली. झाकण उघडलं, कार्ड घातलं आणि बटणांवर बोट फिरवलं. मित्रांनो, नीट बघणाऱ्याला एक आणि तीनच्या मधलं कोरं बटण कोणतं हे कळलं असतं. पण ती बघत नव्हती. तिचे डोळे माझ्यावर होते, एवढंच. कोऱ्या जागेवर बोट ठेवायला माणूस तसाही कचरतो. तिने शेजारचं बटण दाबलं. तीन.

तीनच्या सॉकेटात पेशन्सची वायर होती.

मला सांगितलं तीन, मी तीनला वीज दिली. ‘बाई, चुकलात’ असं म्हणायला मला तोंड नाही. ती गेली, झाकण बंद झालं. दुसऱ्या कार्डाचंही तसंच. तिसऱ्याचंही.

मॅरिगोल्डची खिडकी माझ्या समोर होती. बोटीतला दिवा रॉकेलवर जळत होता, चहा गॅसवर होत होता. म्हणजे सगळं चालू आहे असंच वाटावं. एनिड लोखंडी हीटरसमोर स्टुलावर बसायची. त्या हीटरला दिवा नाही, आवाज नाही. ती त्याच्यावर तळहात ठेवून बसायची. डोक्यावर दोन टोप्या. काचेवर आधी तिच्या श्वासाची वाफ जमायची, नंतर नंतर ती गोठून पांढरी व्हायला लागली. आतल्या बाजूला. लेकीचा फोन आला की ती दारात यायची, आत आवाज नीट येत नाही म्हणून. “हो गं. गरम आहे. हो, जेवले. नको येऊस, रस्ते निसरडे आहेत.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला कळतच नव्हतं.

पेशन्सवर मात्र सुगी आली होती. हॉरेस रोज सकाळी माझ्या खिडकीतला आपला आकडा बघायचा. आकडा खाली जायच्या ऐवजी वर चढलेला असायचा. मी बिघडलो, आणि तेही त्याच्या फायद्याचा बिघडलो, अशी त्याची खात्री झाली. माझ्या डोक्यावर चापट मारून तो म्हणाला, “शहाणं बाळ माझं! कोणाला सांगू नकोस हां.” त्यानेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर व्हेरिटीने दुरुस्तीवाला धाडला असता. त्या वर्षी मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

मग कडाका पडला. काठावरचा बोरू पांढरा झाला, दोर काठीसारखे ताठ झाले. दुपार कलत असताना हॉरेस आपल्या टपावरचं बर्फ खरवडत होता, तेवढ्यात एनिड बाहेर आली. कार्ड, बटण, झाकण. ती परत आत गेली. हॉरेसने सहज वाकून माझ्या खिडकीत पाहिलं. त्याचा आकडा आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत चढला होता. दोनचा आकडा शून्य.

त्याने मॅरिगोल्डच्या काचेकडे पाहिलं. मग आपल्या उघड्या दाराकडे, ज्यातून ऊब बाहेर वाया चालली होती. तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं, संपलं. आता हा काही बोलणार नाही. आणि त्या काचेमागे ती बाई अशीच बसून राहील, एके दिवशी बसलेलीच सापडेल.

दार पुन्हा उघडलं. हॉरेस घरातल्या सपातांवरच धक्क्यावर आला आणि मॅरिगोल्डच्या टपावर ठोठावलं.

“लार्टरबाई! आहात का?”

“जाणार कुठे?”

“तुमचा हीटर चालू आहे का?”

“चालूच असतो. रोज कार्ड घालते.”

“हात लावून बघा बरं.”

“लावलेलाच आहे. रोजच लावते.”

“मग? गरम आहे?”

आत स्टूल करकरलं. मग दार सरकलं आणि दोन टोप्या बाहेर आल्या. एनिड म्हणाली, “मला वाटलं, मलाच गरम लागत नाहीये. विल्फ गेल्यापासून कशाचंच काही लागत नाही. म्हटलं, त्यातलंच हेही असेल.”

एरवी हॉरेसच्या जिभेवर टोमणा तयार असतो. त्या वेळी नव्हता. नाक खाजवत तो म्हणाला, “बाई, इतके दिवस तुम्ही माझी बोट तापवताय. मी आत बनियनवर बसलो होतो.”

“बनियनवर?”

“दार उघडं टाकून.”

“लाज नाही वाटली?”

“खांब बिघडलाय असं वाटलं. खांबाची कसली लाज धरायची?”

त्याने तीनमधली स्वतःची वायर उपटली. मग मॅरिगोल्डची वायर दोनमधून काढून तीनमध्ये लावायला गेला, तर ती पुरेना. विल्फने ती कठड्याला गाठ मारून ठेवली होती. हॉरेसची बोटं गोठली, गाठ सुटेना.

“काय ही गाठ! गाठ म्हणायची की सुगरणीचं घरटं?”

“त्याच्या गाठीला नावं ठेवायची नाहीत.”

“तो होता तेव्हा ठेवली, आता का सोडू?”

एनिडच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसू होतं की थंडी, मला सांगता येणार नाही.

गाठ सुटली. वायर तीनमध्ये बसली. माझ्या पोटातला मीटर फिरू लागला. त्यात तिच्याच कार्डांची वीज भरून होती. एनिड आत गेली आणि सवयीप्रमाणे हीटरवर तळहात ठेवून बसली. हॉरेस धक्क्यावरच उभा होता, आपली वायर हातात घेऊन, आता ती कुठे लावायची ते विसरल्यासारखा. बराच वेळ गेला.

“आई गं!”

ती बाहेर आली, हात पुढे धरून. तळवा लाल झाला होता. लहान मुलाने दाखवावा तसा तिने तो हॉरेसला दाखवला. “भाजलं.”

“मग पाण्यात धरा की.”

“भाजलं हो मला,” ती पुन्हा म्हणाली. आणि बोटीच्या पायरीवर बसून रडू लागली. मोठ्याने. पलीकडचे हंस उडाले. हॉरेसला काय करावं सुचेना, म्हणून त्याने हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्याचा हात आता माझ्या पत्र्याइतकाच गार होता. तिच्या विजेची ऊब त्यात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने बोटीचा पांढरा रंग आणि काडी आणली आणि कोऱ्या बटणावर दोनचा आकडा काढला. आकडा वाकडा आहे, ओघळलेलाही आहे. अजून आहे.

वसंतात एनिड मॅरिगोल्ड घेऊन लेकीच्या गावाकडे निघाली, बोट स्वतः चालवत. निघताना तिने वाकून माझ्या खिडकीत तीनचा आकडा पाहिला. बरीच वीज उरली होती. ती संपवायला तिने पाणी उकळलं नाही. “राहू दे,” ती हॉरेसला म्हणाली. “आणि तुम्ही हात लावायचा नाही.”

“मी कशाला लावू? मला काय कमी आहे?”

त्याने लावला नाही, मी साक्षीदार आहे.

मित्रांनो, आता माझा पत्रा गंजला आहे. माझ्या जागी फोनवर चालणारे खांब येणार आहेत. त्यांत उरलेली वीज ज्याची त्याला परत मिळते. हिशेब चोख. चुकून कोणाची ऊब कोणाला जाणार नाही आणि मुद्दामही जाणार नाही. मी भंगारात जाईन, त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. थंडीत दोर बांधाल तेव्हा आपली वायर लावून झाली की शेजारच्या खिडकीकडे एकदा बघा. काच आतून पांढरी दिसली तर टपावर ठोठावा. ‘बरं आहे ना?’ असं विचारू नका. त्याला ‘बरं आहे’ असंच उत्तर येतं. ‘हात लावून बघा’ म्हणा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.