इथीरियल पाळणा

माझा धाकटा दीर सलील वाघोडियाच्या एका कारखान्यात बेअरिंगं तपासतो. केसभर चुकलेलं बेअरिंग बाजूला काढायचं आणि त्यावर चिठ्ठी लावायची. रविवारी सकाळी हेच काम तो गाण्यांचं करतो.

त्याच्या सुभानपुऱ्यातल्या फ्लॅटवर चार-पाच जण जमतात. मे महिन्यातही काळे टी-शर्ट, पडदे ओढलेले, आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर संगीतात मिसळते. घामाने निथळत हे बडोद्याचे गॉथ, म्हणजे काळ्या कपड्यांचे आणि उदास संगीताचे भक्त, सेव-उसळ खातात आणि ऐकलेलं गाणं नेमकं कशात बसतं ते ठरवतात. स्वप्नाळू असून चाल गुणगुणता आली तर ड्रीम पॉप. गिटारींच्या गदारोळात गायक बुडाला आणि वादक मान खाली घालून पायापाशी मांडलेली बटणंच बघत राहिले तर शूगेझ. थंडगार सिंथेसायझर आणि खालच्या पट्टीतला दुःखी पुरुष असला तर डार्कवेव्ह. आणि गाभाऱ्यात घुमल्यासारखा बाईचा उंच आवाज, ज्यातला शब्द एकही कळत नाही, तो इथीरियल वेव्ह. मला हे इतक्यांदा समजावून झालंय, की माझ्या तान्ह्या लेकीला, अवंतीला, पाजता पाजता मी ते घोकून दाखवीन. गाणं आवडलं का, असं मात्र त्या खोलीत कुणी कुणाला विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

अवंतीच्या बारशाला मी स्वतः पाळणा रचला. एकेका कडव्यात घरच्या एकेकाला गुंफायचं, तशी रीतच आहे. दुपारी ती झोपली की वीस मिनिटं मिळायची, तेवढ्यात एक-दोन ओळी. कधी तर ती अर्धवट झोपेत ओठ मुडपून हसायची आणि ओळ तिथेच राहायची. मी तिच्याकडेच बघत बसे. माझी आई सांगलीला. खुब्याचा सांधा झिजल्यामुळे तिला बारशाला येता आलं नाही, आणि फोनवर बायकांच्या कलकलाटात तिला काही ऐकू आलं नाही. कानही अधूच. मी तिला म्हटलं, नीट रेकॉर्ड करून पाठवते.

सलीलकडे चांगला माइक आहे. तो समा भागातल्या आमच्या घरी आला, अवंती माझ्या मांडीवर, मी हिंचक्यावर झोके घेत, आणि एका दमात सहा कडवी झाली. आठवड्याने त्याने गाणं तयार करून थेट आईला पाठवलंही. शनिवारी आईचा फोन आला.

"अगं, तू विहिरीत बसून गायलीस का? एक अक्षर लागलं नाही मला."

सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. त्याआधी ऐकायचंय, एवढंच ती म्हणाली, आणि मग उगाच औषधांबद्दल बोलत राहिली. माझा घसा त्याच आठवड्यात पार बसलेला. पुन्हा गाण्याची सोय नव्हती. मूळ रेकॉर्डिंग सलीलकडेच होतं. मी मेसेज केला, त्यावर उत्तर आलं की कच्चा माल मी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून रविवारी सकाळी अवंतीला झोळीत बांधून मीच सुभानपुऱ्याला गेले. तन्मय, म्हणजे माझा नवरा, रिफायनरीत पहिल्या पाळीला होता.

खोलीत माझाच पाळणा लागला होता. बारा वाजता तो इंटरनेटवर चढणार होता, त्यांच्या कुठल्याशा संग्रहात. मी घोगऱ्या आवाजात काही म्हणायच्या आत उत्कर्षने, म्हणजे त्या मंडळात गाण्यांच्या प्रकारांचा तक्ता सांभाळणाऱ्याने, मला गप्प बसायची खूण केली. वाद रंगात आला होता. गाण्याच्या तळाशी एक करकर येत होती. त्यांच्यातल्या आशयचं म्हणणं, हा यांत्रिक लूप आहे, एकच तुकडा फिरून फिरून वाजवलेला, तेव्हा हे शुद्ध इथीरियल नव्हे, डार्कवेव्हकडे झुकतं. उत्कर्ष म्हणे, बराबर, पण लूपचं अंतर अनियमित आहे, म्हणजे ते हेतुपुरस्सर मोडलंय, फार सरस काम आहे. दहा मिनिटं हे चाललं. हिंचक्याच्या डाव्या कडीत तेल घालायचं राहिलंय, हे मी त्यांना सांगितलं. आशयने वहीत काहीतरी खोडलं आणि पुन्हा तेच लिहिलं.

मग मी सलीलला म्हटलं, भावजी, मला मूळचं द्या, आईला पाठवायचंय. तो थकल्यासारखा हसला. लहान मुलाला समजवावं तसं त्याने मला समजावलं की या प्रकारात आवाज हे एक वाद्य असतं, अर्थ मध्ये आला की वातावरण फाटतं. त्याने माझे शब्द काढलेले नाहीत, फक्त विरघळवलेत.

"वहिनी, यात शब्द कळायचे नसतातच. कळले तर ते इथीरियल राहत नाही."

"मग नाही राहणार. पाळणा आहे तो."

"पाळणा हा प्रकार आमच्या तक्त्यात नाही," उत्कर्ष म्हणाला. थट्टेने नव्हे, खरोखर खेदाने.

मला त्या क्षणी त्या चौघांची कीवही आली नाही. आधी ऐकून मग नाव द्यायचं, एवढं तर आमच्या बारशाच्या बायकांनाही कळतं. बाळ बघितल्याशिवाय गोरं की सावळं म्हणत नाहीत त्या. मी विचारलं, हे गाणं तुम्ही किती वेळा ऐकलंत? सलील अभिमानाने म्हणाला, चाळीस तरी.

"चौथ्या कडव्यात कोण आहे, भावजी?"

त्याने वळून आशयच्या वहीत बघितलं.

"तुम्ही आहात. सलीलकाका. नाव घेऊन."

झोळीत अवंती चुळबुळली. मग सलीलने लॅपटॉप जवळ ओढला, आवाजावर चढवलेला एकेक परिणाम बंद करत गेला, आणि माझा कोरडा, साधा आवाज त्या बंद खोलीत उमटला. चौथं कडवं आलं. कारखान्यातून दमून येऊनही पुतणीला खांद्यावर घेऊन अंगणात चंद्र दाखवणारा काका. त्याने ते थांबवून पुन्हा लावलं. त्याचे कान लाल झाले होते. बाकीचे आपापल्या वाट्यांत बघत होते.

मूळ रेकॉर्डिंग त्याने तिथल्या तिथे माझ्या फोनवर पाठवलं. संग्रहात माझं काही जाणार नाही, असं मी सांगितलं, तेव्हा उत्कर्षने तेरा नंबरची जागा रिकामी होते अशी तक्रार केली. निघताना मी पंखा लावला.

रिक्षातच मी ते आईला पाठवलं. घरी पोचेपर्यंत तिचा फोन आला.

"ऐकलं गं, सगळं ऐकलं," ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "पण विहीणबाई दुसऱ्या कडव्यात आणि मी पार पाचव्यात? दिराच्याही नंतर? ऑपरेशन होऊ दे, मग बोलते तुझ्याशी."