किनार सोडून

निळ्या काचेच्या डोक्याची टाचणी, ओठांत धरलेली. जिभेला लोखंडाची चव.

एक बाही, कोटाला अजून न जोडलेली.

बिगुलाच्या पितळेवर बोटांचे ठसे.

उठलो — हा एकच शब्द, मागचापुढचा काही नाही.

गुडघे.

"हलू नका," शिंपी टाचण्यांमधूनच म्हणाला, आणि आरशासमोरचे दातांचे डॉक्टर हात पसरलेल्या अवस्थेत थांबले. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवायला लावणारा हा माणूस आपल्यापुढे असा लाकडासारखा उभा राहतो, याची शिंप्याला दर वेळी गंमत वाटे. डॉक्टर स्मृतिदिन समितीचे अध्यक्ष होते. कोट आजच्याच कार्यक्रमासाठी, दुपारच्या.

"काका, यंदा कविता तुम्हीच वाचायची. दरवर्षी शाळेच्या मुली वाचतात, पण लिहिणारा गावात असताना..."

"वाचतो की."

"तीन कडवी. तिसरं संपलं की बिगूल."

"कविता चार कडव्यांची आहे."

"असू दे हो! लोक बायकापोरांना घेऊन येतात. भीती चालते, काका, भीती तर सगळ्यांना आवडते — शेवटी माणूस उठतो ना! पण ते झेंड्याचं..." डॉक्टरांनी आवाज उतरवला. "एक दात किडका असला तर तो काढावा, बाकीचे छान राहतात."

"मागच्या वर्षी तुम्ही माझा काढलात तो चांगला होता."

"ते... एक्स-रे उलटा लागला होता."

"हात खाली घ्या आता."

तीन कडवी. पहिल्यात खंदकातली ओल आणि पोटात गोळा, दुसऱ्यात गुडघे — थरथरणारे, माझे असूनही माझं न ऐकणारे — आणि तिसऱ्याच्या शेवटी तो शब्द, उठलो. संपादकाने चौथं कडवं जागेअभावी गाळलं असं कळवलं होतं, मग पाठ्यपुस्तकाने तेच उचललं, मग समितीच्या पुस्तिकेने, आणि बघता बघता भ्यालेल्या माणसाची कविता शूर माणसाची झाली. उठलो म्हणजे देशासाठी उठलो, आणखी कशासाठी उठणार! शिंपी मागच्या रांगेत बसून दरवर्षी हे ऐकायचा. दुसऱ्याच्या मापाचा कोट कुणी प्रेमाने अंगावर चढवावा आणि वर म्हणावं, वा, काय बसलाय... खांद्यात काचत होता तो कोट. इतकी वर्षं काचत होता, आणि शिंपी असून त्याने एक टाका उसवला नव्हता.

घरी बायकोने सदरा इस्त्री करून ठेवला होता.

"टाचण्या काढल्यात ना तोंडातल्या? नाहीतर व्यासपीठावर गिळाल."

"काढल्या."

"भोंगाभाऊजी पहिल्या रांगेत बसणारेत." तिने सदऱ्याची कॉलर पुन्हा एकदा उगाच सरळ केली. "त्यांच्यासमोर वाचणार ते चौथं कडवं?"

त्याने सदरा अंगात चढवला. भोंगा — कुजबुजला तरी दोन खंदक पलीकडे ऐकू जाई म्हणून भोंगा — आता काठी घेऊन चालतो, आणि प्रत्येक स्मृतिदिनाला त्याच आवाजात सांगतो की मांडी फुटली तेव्हा मी चौकीवरच्या झेंड्याकडे बघत पडलो होतो, त्या झेंड्यानेच मला जिवंत ठेवलं. लोक डोळे पुसतात. बाजूलाच होतो मी. मी एकदाही त्याला खरं काय ते...

"तेव्हा तो शुद्धीत नव्हता," तो म्हणाला.

"आता आहेत," बायको म्हणाली. "एवढाच एक मित्र उरलाय तुमचा. बघा बाबा."

सभागृहात खुर्च्या, पंखे, नव्या कोटातले डॉक्टर. बिगूलवाला कडेला उभा, पितळ बाहीला पुसत. शिंपी माईकपाशी गेला आणि गुडघे सुरू झाले, अगदी तेच, तिथलेच, जणू मधल्या काळात ते कुठेही गेले नव्हते, इस्त्रीच्या विजारीखाली दबा धरून बसले होते. त्याने पहिलं कडवं वाचलं. दुसरं वाचलं. आता भोंगा मान डोलावत होता, ओठ हलवत होता, त्याला तिन्ही पाठ होती — थांब, इथेच थांब, टाळ्या होतील, संध्याकाळी तो नेहमीसारखा दुकानात येऊन बसेल, मशीनच्या आवाजावर आवाज काढून बोलेल — आणि तिसरं संपत आलं, आणि बिगूलवाल्याने छाती भरून श्वास घेतला, आणि

उठलो.

पितळ ओठांपर्यंत गेलं. आणि शिंप्याचा हात आपोआप वर झाला, पंजा उघडा, रोज दुकानात होतो तसा.

"हलू नका."

सगळं सभागृह थांबलं. बिगूलवाला गाल फुगवलेल्या अवस्थेत. डॉक्टर, अर्धे उठलेले. त्या चौकीवरही हेच शब्द होते, याच हाताने, रक्तात घसरणारी मांडी बांधताना — हलू नको भोंग्या, हलू नको — आणि त्याने वाचलं, कागदाकडे न बघता:

*उठलो, पण देश कुठे दिसला नाही.*
*मित्राची मांडी दिसली*
*आणि काठीवर एक कापड.*
*मी शिंपी. मी झेंडा मापला.*
*किनार सोडून सहा पट्ट्या,*
*ओढूनताणून सात.*

कुणी टाळी वाजवली नाही. पंखे फिरत होते. भोंग्याच्या ओठांची हालचाल थांबली होती, हे कडवं त्याला पाठ नव्हतं. त्याचा हात सावकाश मांडीवर गेला, जुन्या जखमेवर, आणि तिथेच राहिला, आणि तो वर बघू लागला. त्या नजरेत काय आहे ते शिंप्याला वाचता येईना... राग असेल, हिशेब जुळत असेल, उठून निघून जाईल, उठून जवळ येईल. काठी चाचपत होता एवढं खरं.

गुडघे थरथरतच होते. थरथरू देत! तो त्यांना लपवत नव्हता, आणि त्यांच्यावरच तर तो उभा होता, ताठ, सबंध, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मापाचा. खांद्यात काहीही काचत नव्हतं. घाबरलेला होतो मी. देशासाठी उठलो नव्हतो. उठलो होतो! छातीत काहीतरी बिगुलापेक्षा मोठ्याने वाजत होतं, आणि त्याला वाटलं, आता भोंगा काहीही म्हणो, त्याच्या त्या दोन खंदक पलीकडे जाणाऱ्या आवाजात म्हणो, मी ऐकेन, उभ्यानेच ऐकेन.

झेंड्यातून खरं तर आठ पट्ट्या निघाल्या होत्या मांडी बांधायला, किनारीसकट.