बॅच चारशे बारा

बायको चप्पल न काढताच आत आली. तिथेच त्याला कळायला हवं होतं. एरवी कचरा शेडवरून आली की ती आधी नळाखाली हातपाय घासते, मग कुणाशी बोलते. त्या संध्याकाळी थेट टेबलापाशी आली, पदराखालून एक पिशवी काढली आणि त्याच्या ताटाशेजारी टाकली.

"ताईची दोन बोटं गेली," ती म्हणाली.

घास हातातच राहिला. ताई म्हणजे बायकोची सख्खी मोठी बहीण. दोघी एकाच शेडवर, एकाच पाळीला. या घरात काहीही अडलं की पहिली हाक ताईला. याची नोकरी गेली होती तेव्हा दोन महिने तिच्याच घरचा डबा यायचा, आणि वर तिचे टोमणे फुकट.

"कशी?"

"कटरमध्ये. पिशवी पात्याला गुंडाळली, तिचा बंद ताईच्या मनगटात अडकला आणि ओढलं आत. मी लाल बटण दाबेपर्यंत..." ती पाणी प्यायली. "दवाखान्यात आहे. शुद्धीवर आहे. मुकादमाला शिव्या देतेय, म्हणजे बरी असेल."

आता हे कटर काय ते सांगायला हवं. खतासाठी ओला कचरा बारीक करायचं मशीन ते. नवीन नियम आल्यापासून प्रत्येक पिशवीवर छापावं लागतं: बनवणाऱ्याचा नंबर, जाडी, बॅच. आणि ज्या पिशवीचं खत होतं तिच्यावर मोठ्या अक्षरात 'खत होणारी'. ती पिशवी फोडायची नाही, ओल्या कचऱ्यासकट तशीच हाताने कटरमध्ये सोडायची. ती पापडासारखी फाटते. साधं प्लास्टिक फाटत नाही. ते पात्याला गुंडाळतं आणि जे हाताला लागेल ते सोबत घेऊन जातं.

"मग प्लास्टिक आत टाकलंच कसं तिने?" त्याने विचारलं. आवाज नीट निघाला, याचं त्यालाच नवल वाटलं.

"वाचा की काय छापलंय. त्याच ढिगातली आहे."

त्याने वाचलं नाही. वाचायची गरजच नव्हती. 'खत' मधल्या 'त'चा दांडा खाली जरा चिरलेला होता. छपाईच्या रबरी प्लेटवर तो दांडा तुटला होता, आणि गेल्या महिन्यात यानेच ब्लेडने कोरून, गोंदाने चिकटवून तो जागेवर बसवला होता. जगात असा 'त' दुसरा नव्हता.

"कानाला लावा," बायको म्हणाली.

"अगं, जेवतोय मी."

"लावा म्हणते ना."

त्याने पिशवी कानापाशी धरून चुरगळली. कडकड वाजली. खताची पिशवी अशी वाजत नाही, ती ओल्या फडक्यासारखी गप्प असते. शेडवरच्या बायका डोळे मिटून सांगतात कुठलं काय ते.

"प्लास्टिक आहे," ती म्हणाली. "शंभर टक्के. मुकादमाला सांगितलं, तर म्हणतो एखादी आली असेल चुकून. छापलंय ना खत? मग खत. काम थांबणार नाही." तिने पिशवी घडी करून ठेवली. "उद्यापासून ताईच्या जागी मी."

"कटरवर?"

"मग काय खुर्चीवर?"

"प्रत्येक पिशवी कानाला लावून टाक."

"तासाला दोनशे येतात. कानाला लावत बसले तर मुकादम मलाच टाकेल आत." ती जराशी हसली, मग हसू गेलं. "तपासणीवाल्या मॅडम उद्या नंबर शोधायला निघणार आहेत. नंबरावरून कारखाना सापडतो म्हणे. तुमच्याकडचा नंबर काय हो?"

"बघायला लागेल," तो म्हणाला.

तो नंबर त्याला झोपेत विचारला असता तरी आला असता. सुलटा आणि उलटा दोन्ही.

उलटाच जास्त. पिशव्या छापायच्या मशीनवर प्लेट लावायचं त्याचं काम. प्लेटवर सगळं उलटं असतं, आरशात बघितल्यासारखं. बारा वर्षं तेच वाचून वाचून उलटं त्याला सरळ झालं होतं. कारखान्यात त्याचं नावच पडलं होतं उलट्या. "उलट्या, आज बूट तरी बरोबर पायात आहेत का?" असं रोज कुणी ना कुणी विचारायचंच.

आणि चूकही तिथेच झाली होती. जेवण तसंच सोडून तो बाहेरच्या पायरीवर येऊन बसला आणि तो दिवस आठवत गेला. शेठ रोलच्या पुठ्ठ्यावर इंग्रजी छोटं अक्षर लिहायचा. खताच्या रोलवर बी, काठीच्या उजवीकडे पोट. साध्या प्लास्टिकच्या रोलवर डी, पोट डावीकडे. दोन्ही रोल दुधी, दोन्ही गुळगुळीत. त्या दिवशी सकाळपासून त्याने चार प्लेटा बदलल्या होत्या. डोळे उलट्यातच बसले होते. समोर डी आला. डोळ्यांनी तो सवयीने फिरवला. बी वाचला. रोल चढवला. मशीनच्या आवाजात कडकड कुणाला ऐकू येणार?

बॅच चारशे बारा. अठरा हजार पिशव्या. सगळ्या याच भागातल्या घरांत वाटलेल्या.

म्हणजे रोज थोड्या थोड्या, ओला कचरा पोटात घेऊन, शेडवर येणार. बायकोच्या हातात.

उठावं, आत जावं, सांगावं. दहा पावलं होती. तो दहादा उठला आणि दहादा बसला. काय सांगणार? तुझ्या बहिणीची बोटं मी घेतली? आतून बायको फोनवर बहिणीच्या मुलीशी बोलत होती. "रडू नको गं, मी आहे ना," म्हणत होती आणि स्वतः रडत होती. सकाळी सांगू, त्याने ठरवलं.

सकाळी ती सहालाच उठली. डबा भरला, दाराशी आली. "जागे आहात का?" तिने हळूच विचारलं. त्याने डोळे मिटून घेतले. दार लागल्याचा आवाज आला आणि मगच उघडले. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

कारखान्यात शेठ दारातच उभा. तोंडचं पाणी पळालेलं.

"आलास? ये. पालिकेतून फोन होता. बारा वाजता मॅडम येतायत. चारशे बाराची प्लेट कुठे आहे?"

"फळीवर."

"ब्लेड घे आणि तुकडे कर. गटारात नको टाकू, तिथूनच काढतील."

"शेठ, चूक माझी झाली. डीचा मी..."

"मला माहितीये. रोल मोजले मी काल." शेठने घाम पुसला. "ऐक. आपला नंबर कुणीतरी चोरला. बाहेर खोट्या पिशव्या छापतात लोक, सगळ्यांना माहिती आहे. आपल्याकडे प्लेटच नाही, तर आपण छापल्याच नाहीत. कळलं?"

"पण पिशव्या परत मागवायला हव्यात. शेडवर सांगायला हवं, की या बॅचच्या आत टाकू नका."

"परत मागवल्या म्हणजे कबूल केलं. टाळं लागेल. तेवीस माणसं आहेत आत. आणि तुला काय वाटतं, मला एकट्याला नेतील? प्लेट लावणारा तू."

"माझी मेहुणी आहे ती. जिची बोटं गेली."

शेठ खालच्या आवाजात म्हणाला, "वाईट झालं. पण गेलेली येत नाहीत रे. तू आता पुढचं बघ."

पुढचंच तर दिसत होतं. फळीजवळ उभं राहून त्याने बायकोला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. शेडवर फोन कपाटात ठेवावे लागतात, हे तिने कितीदा सांगितलं होतं. तरी त्याने आणखी पाचदा लावला. मग ब्लेड घेतलं. प्लेट समोर धरली. चिरलेला 'त' त्याच्याकडे बघत होता. घड्याळात साडेनऊ. म्हणजे तिला कटरवर तीन तास झाले. तासाला दोनशे. त्याच्या डोक्यात गुणाकार सुरू झाला आणि तो थांबेना.

त्याने ब्लेड फळीवर ठेवलं, प्लेट शर्टात कोंबली आणि मागच्या दाराने सायकल काढली.

"ए उलट्या! कुठे?" शेठचा आवाज आला. त्याने मागे बघितलं नाही. रस्त्यात एका रिक्षावाल्याने आईवरून शिवी घातली, ती त्याला फार लांबून आल्यासारखी वाटली. रबर छातीला चिकटलं होतं. एकच चित्र डोळ्यांपुढे येत होतं, पिशवीचा बंद आणि बायकोचं मनगट. ती उजव्या मनगटाला लाल दोरा बांधते. तोच दोरा दिसत होता.

शेडच्या फाटकावर राखणदाराने काठी आडवी धरली.

"पास?"

"बायको आहे आत."

"माझीपण आहे घरी. पास दाखव."

त्याने सायकल तिथेच टाकली आणि काठीखालून वाकून पळाला.

आत कटरचा असा आवाज की स्वतःचा श्वास ऐकू येईना. बायका रांगेत उभ्या, तोंडाला फडकी. सगळ्या सारख्याच. त्याला बायको ओळखू येईना. मग लाल दोरा दिसला. ती वरच्या पायरीवर होती. दोन्ही हातांत पिशव्या. डावी सोडली. उजवी सोडायला पुढे झुकली. तो ओरडला. कुणी वळलंही नाही.

खांबावरचं लाल बटण त्याने मुठीने दाबलं.

पाती घरघरत थांबली. एवढी शांतता झाली की कुठेतरी पाणी ठिबकताना ऐकू आलं. पन्नास डोळे त्याच्यावर.

"कोण रे तू? कुणी सांगितलं मशीन बंद करायला?" मुकादम धावत आला.

"त्या पिशव्या टाकू नका." तो म्हणाला. "बॅच चारशे बारा. जिच्यावर चारशे बारा छापलंय ती खताची नाही. प्लास्टिक आहे. अठरा हजार आहेत. ही बघा प्लेट." त्याने शर्टातून रबर काढून पुढे केलं. "नंबर आमच्याच कारखान्याचा आहे. छापल्या मी. चुकून छापल्या, पण मीच."

वरच्या पायरीवर बायकोने हातातली पिशवी उलटीपालटी करून बघितली. बराच वेळ बघितली. मग ती जपून बाजूला जमिनीवर ठेवली, आत साप असावा तशी.

"चारशे बारा आहे," ती म्हणाली.

रांगेतली एक जाड बाई पुढे आली. ताईच्या शेजारी उभी राहायची ती. तिने हातातला पिशव्या ओढायचा लोखंडी आकडा खाली ठेवला नव्हता. "म्हणजे हाच तो?" तिने विचारलं. "हा मेला आहे तरी कोण?"

तिच्या मागे आणखी चौघी सरकल्या. मुकादम मध्ये पडायचं सोडून फोन काढून मॅडमचा नंबर शोधत होता. याने वर बघितलं. बायकोने तोंडावरचं फडकं खाली ओढलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. काल संध्याकाळी विचारलेला नंबर तिला आठवला असणार. सकाळी दारातून मारलेली हाकही. तिच्या तोंडावर काय आहे ते त्याला वाचता येईना. ती नाही म्हणाली तर? ओळखत नाही म्हणाली तर? त्या लोखंडी आकड्याची त्याला भीती वाटली नाही. ती गप्प होती त्याची वाटली.

"कोण आहे गं हा?" जाड बाईने पुन्हा विचारलं.

बायको दोन पायऱ्या खाली उतरली.

"माझा नवरा आहे," ती म्हणाली. "त्याचं मी बघते. तुम्ही आधी ढीग उपसा. चारशे बारा एका बाजूला. कुणी हात आत घालायचा नाही, मॅडम आल्या तरी नाही."

बायका हलल्या. कुरकुरत, त्याच्याकडे बघत, पण हलल्या. ती त्याच्या अगदी जवळून गेली. ढिगाशी वाकली आणि पिशव्या वेचायला लागली. तोही वाकला. तिने नाही म्हटलं नाही.

"संध्याकाळी दवाखान्यात जायचंय," ती ढिगाकडे बघतच म्हणाली.

"हो. जाऊ."

"जाऊ नाही. तुम्ही एकटे आत जा. ताईला तुम्ही सांगायचं. मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर थांबेन."