रुक्माबाईच्या नावाची पायरी

मित्रांनो, मी जैनथकडच्या एका शाळेच्या पायरीचा जुना दगड आहे. चुनखडीचा. पैनगंगेच्या कितीतरी आधी इथे समुद्र होता, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर बसत गेला, दबून कडक झाला आणि मी झालो.

खाणीतले माझे भाऊबंद भट्टीत भाजले गेले. कुणाचं सिमेंट झालं, कुणाचा पानाला लावायचा चुना. मी वाचलो तो रुक्माबाईमुळे. गावात शाळा व्हावी म्हणून तिने मला खाणीतून फोडून काढलं आणि डोक्यावर वाहून आणलं. गवंड्याने माझ्यावर तिचं नाव कोरलं. मी मऊ, छिन्नी सहज चालली. रुक्माबाईला वाचता येत नाही. येता-जाता ती वाकून अक्षरांवरून बोट फिरवायची. तिची नात वृषाली तेच नाव गिरवून लिहायला शिकली आणि याच शाळेत मास्तरीण झाली. मला किती अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

यंदा पंधरा ऑगस्टला झेंडा रुक्माबाईच्या हातून फडकायचा होता. आठवडाभर आधी वृषालीने वर्गात चुनखडीच्या तुकड्यावर लिंबू पिळलं. बुडबुडे आले. आम्लाने चुनखडी विरघळते, हे तिने पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं. आणि आदल्या दिवशी, आजीचं नाव लख्ख दिसावं म्हणून, तिनेच संडास धुवायच्या ऍसिडची बाटली माझ्यावर ओतली आणि खराट्याने घासघास घासलं. मी फसफसलो. तिला वाटलं, मळ निघतोय. शिकलेल्यांचा मला तेव्हापासून राग येतो.

सकाळी रुक्माबाई वाकली. बोट नुसतंच फिरत राहिलं.

"माहं नाव कुठी गेलं वं पोरी?"

झेंडा फडकला, टाळ्या झाल्या. कोरणारा गवंडी आता हयात नाही, म्हणून मुख्याध्यापक सुधाकररावांनी ऑइलपेंटने नाव लिहून घेतलं, पहिल्यापेक्षा मोठं. रंग वाळल्यावर रुक्माबाईने त्यावरूनही बोट फिरवलं.

"हे वाचणाऱ्याइसाठी हाये," ती म्हणाली.

मित्रांनो, मला साध्या पाण्याने धुवा. आणि वर्गात जे घोकता, ते हात उचलण्याआधी एकदा आठवा. रुक्माबाई अजूनही नातीचा डबा घेऊन येते. आता ती वाकत नाही. माझ्यावर पाय ठेवते आणि आत जाते.