फिरत्या बोटीचं कव्हर

माझ्या धाकट्या भावाशी मी सगळ्यात जास्त कशावरून भांडले असेन, तर एका कव्हरवरून. आईचं आजारपण, घराची वाटणी, त्याचं मोडलेलं लग्न, हे सगळं आम्ही समजुतीने निभावलं. कव्हरचं तेवढं मिटत नव्हतं.

आमची दोघांची मिळून एक शिडाची बोट आहे. तिच्या मागच्या अंगाला बसायची उघडी जागा असते, तिला कॉकपिट म्हणतात. सुकाणू तिथेच, चहा तिथेच, भांडणंही तिथेच. माझं म्हणणं एवढंच होतं की बोट धक्क्याला उभी असताना त्यावर कव्हर हवं. उन्हाने बाकांचं लाकूड तडकतं, पक्षी घाण करून ठेवतात, आणि पाला जाऊन पाणी बाहेर जायची नळी तुंबली की कॉकपिटचा हौद होतो. तो हौद उपसायला कोण? अर्थात मी. साहेबांची कंबर नेमकी त्या दिवशी धरलेली असायची.

त्याचंही म्हणणं ठरलेलं. "ताई, काढण्याघालण्यात अर्धा दिवस जातो. वारा भरला की फडफडून दोऱ्या तोडतं. आत दमट होऊन बुरशी धरते ती वेगळीच. आणि कव्हर असलं ना, की माणूस बोटीवर जायचाच कंटाळा करतो. उभ्या बोटीला कव्हर लागतं. आपली फिरती आहे."

फिरती कसली डोंबलाची, वर्षातून चार वेळा खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायची. पण खरं सांगते, तो 'आपली फिरती आहे' म्हणाला की माझा आवाज आपोआप खाली यायचा. कारण आम्हाला फिरायचं होतंच. एक अख्खं वर्ष, बेटाबेटांनी, घाई न करता. मोठ्या नकाशावर आम्ही पेन्सिलीने वाट आखली होती आणि दर सुट्टीला खोडून परत आखत होतो. मी त्याला लहानपणी पोहायला शिकवलं, त्याने मला मोठेपणी शीड धरायला शिकवलं. म्हणजे दोघांचं देणंघेणं फिटलं होतं, असं मी समजत होते.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. वर्षभराची रजा मिळेना, तेव्हा गेल्या महिन्यात सरळ राजीनामा देऊन टाकला, नोटिशीचे दिवस तेवढे भरायचे होते. बाहेर पडल्या पडल्या जिन्यातूनच त्याला फोन केला. "शाब्बास, ताई," तो म्हणाला. "मानलं तुला." मी त्या जिन्यात एकटीच हसत उभी होते, येणारेजाणारे बघत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो कव्हर घेऊन आला. नवं कोरं, निळं, खांद्यावर गुंडाळी टाकून. म्हणाला, "तुझंच खरं, ताई. कव्हर पाहिजे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांनी या माणसाने माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी ही बातमी अख्ख्या डिपार्टमेंटला सांगितली. टेबलावर श्वास रोखून पडलेल्या पेशंटनेसुद्धा ऐकली असणार, कारण त्याला श्वास सोडा म्हणायचं मी विसरले होते.

कव्हर घरी पसरून बघितलं तर शिवण सुरेख होती, पण त्याला समोर बघायची खिडकी नव्हती. आता वर्षभर फिरायचं तर मला पुढे पारदर्शक खिडकी हवी होती, म्हणजे पावसात आडोशाला बसून सुकाणू धरता आलं असतं. हे तर सगळीकडून बंद होतं. मी ते गाडीत घातलं आणि धक्क्यामागच्या गल्लीत शिडं शिवणाऱ्या बाईंकडे गेले.

"बाई, काम झकास आहे, पण खिडकी विसरलात की."

त्यांनी मशीन थांबवलं. "विसरले नाही. मी विचारलं होतं, चालवताना वापरायचंय का नुसतं झाकायला. तुमचे भाऊ म्हणाले, नुसतं झाकायला. दोन-तीन वर्षं बोट हलणार नाही. म्हणून तर जाड कापड घेतलं."

"हलणार नाही? आम्ही निघालोय पुढच्या महिन्यात."

"ते निघालेत ना," बाई म्हणाल्या. "कप्तानांबरोबर." धक्क्यावर सगळे ज्यांना कप्तान म्हणतात त्या निवृत्त गृहस्थांची मोठी बोट आहे, आमच्या दुप्पट. बाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

"माप कधी दिलं त्याने?"

"झाले दोन महिने."

मी कव्हर उचललं आणि निघाले. गाडीची किल्ली लागेना.

शनिवारी तो बोटीवर आला. मी त्याच्या हातात कव्हरचं एक टोक दिलं. कव्हर चढवायला दोन माणसं लागतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. आम्ही चढवायला लागलो. तो शीळ घालत दोऱ्या बांधत होता.

"कप्तानांकडे झोपायचे बंक किती आहेत?" मी विचारलं.

शीळ थांबली. "एकच रिकामा आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी सांगणारच होतो, ताई. निघायच्या आधी."

"आणि आपली बोट?"

"ही तिथवर पोचायची नाही. तुलाही माहीत आहे, तू कबूल करत नाहीस. आणि वर्षभर तुझ्या हुकमात... जाऊ दे. बोट नीट राहील. थेंबभर पाणी आत जाणार नाही. तुझ्याच म्हणण्याप्रमाणे केलंय ना सगळं?"

ही बोट पोचणार नाही, हे मी ऐकून घेतलं असतं. मी हुकूम सोडते, हेही ऐकून घेतलं असतं, सोडतेच मी. पण मला खुपत होतं ते दुसरंच.

"मी राजीनामा दिला, तुला जिन्यातून फोन केला. तेव्हा तुझं ठरलेलं होतं."

त्याने हातातली गाठ सोडून परत बांधायला घेतली.

"एकदा म्हणायचंस, ताई, थांब. कारणसुद्धा नसतं विचारलं मी."

"तू इतकी खूश होतीस," तो म्हणाला. "कसं सांगणार?"

परक्याने केसाने गळा कापला असता तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. याला शिवीही देता येईना. हा खरंच तसं समजत होता, की त्याने माझं मन राखलं.

"उतर," मी म्हटलं.

"ताई, ऐक तरी."

"माझी नोकरी गेली तेव्हा तू शाब्बास म्हणालास. उतर खाली."

तो उतरला. फळीवरून जाताना दोनदा मागे वळून बघितलं त्याने, मी हाक मारीन म्हणून. मी मारली नाही. उरलेल्या दोऱ्या एकटीने बांधता येईनात, तेव्हा बाकावर बसून मनसोक्त रडले.

सोमवारी माझ्या जागेवर नवी मुलगी रुजू होणार होती. तिला मशीन शिकवून द्यायचं मी कबूल केलं होतं. मी वेळेवर गेले. हसतमुख, चुणचुणीत मुलगी होती. काम शिकता शिकता तिने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठे कुठे जाणार आहात?"