चोवीस शब्दांतली केळी

फोटो आला तेव्हा मी एरंडोलच्या अलीकडे होतो. एसटीत. मेघाअक्काने पाठवला होता, आणि खाली एवढंच, "बघ, यांनी काय केलं."

केळीची एक फणी. तिच्यावर हळदकुंकू. फणीला टेकवून उभं केलेलं पांढरं कार्ड, कार्डावर निळ्या पेनाने इंग्रजीत चोवीस शब्द, स्वच्छ, शाळेत लिहितात तसे. शेजारी ते यंत्र, पेनड्राइव्हएवढं. त्याच्या स्क्रीनवर पण कुंकू.

हा फोटो अक्काच्या सासरच्या भावबंदांच्या ग्रुपवर टाकलेला. वर मजकूर: "आपल्या घरी डिजिटल तिजोरी आली. शब्दांमध्ये पहिलाच निघाला बनाना! केळीवाल्याच्या घरी केळीच. आपला, प्रेमराज."

खाली दीडेकशे लोकांचे हात जोडलेले.

मी बसमध्ये ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. शेजारचे बाबा सरकून बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. ते चोवीस शब्द म्हणजेच तिजोरी. यंत्र नाही. यंत्र फुटू दे, तापीत पडू दे, दुसरं घ्यायचं, शब्द टाकायचे, सगळं परत येतं. पण शब्द ज्याला कळले त्याला यंत्र लागतच नाही. तो जगात कुठेही बसून कॉइन, म्हणजे ते बिटकॉइनसारखं इंटरनेटवरचं चलन, काढून नेतो. कोणाकडे तक्रार नाही, कोणी परत देत नाही. म्हणून ते शब्द एकट्याने बघायचे, कागदावर लिहायचे, फोटो काढायचा नाही, फोनमध्ये टाइप करायचे नाहीत. बस, एवढाच नियम. आणि त्या माणसाने फणीवर ठेवून ग्रुपवर टाकले.

मी अक्काला फोन लावला. "तू त्याच्यात काही टाकलंस तर नाही ना?"

"नाही अजून. भाऊ म्हणतात लवकर टाक, बाराच्या आत चांगलं आहे."

"काही टाकू नको. मी येतोय."

मी अमृत. आमचं घर पारोळ्याचं, मी धुळ्यात मोबाईल रिपेअर करतो. शिकलो कुठेच नाही, व्हिडिओ बघून बघून शिकलो. मेघाअक्का माझी मोठी बहीण, रावेरला दिलेली. दाजी केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जातात, महिन्यातले निम्मे दिवस घरी नसतात. अक्का लॅपटॉपवर चित्रं काढते, परदेशातल्या एका गेमवाल्यांसाठी. झाडं, घरं, तलवारी. ते तिला कॉइनमध्ये देतात. तिने त्यातलं फारसं काढलंच नाही, साठवलं. तिच्या नावावर असलेली ती एकच गोष्ट. बाकी घर, शेत, पॅकिंगचं शेड, ट्रक, सगळं जेठाच्या, थोरल्या दिराच्या, नावावर. जेठ म्हणजे हे प्रेमराजभाऊ.

सिमकार्डसुद्धा. घरातली सगळी सिम त्यांच्या नावावर. आखाजीला, अक्षय तृतीयेला, अक्का माहेरी आली, तेव्हा यांनी तिचं सिम बंद करून टाकलं. का? तर "ती माहेरी आहे, उगाच रिचार्ज कशाला." कॉइनचं ॲप त्याच नंबरवर येणाऱ्या ओटीपीने उघडतं. आठवडाभर तिला स्वतःचं खातं उघडता आलं नाही. परत गेल्यावर सिम सुरू झालं, पण तेव्हा तिला समजलं की हा माणूस मनात आणेल तेव्हा ते खातं बंद करू शकतो, आणि मनात आणेल तेव्हा उघडूही शकतो. तिने मला फोन केला. मी म्हटलं, यंत्र घे, हार्डवेअर वॉलेट, त्याला सिम लागत नाही. कंपनीच्या साइटवरूनच मागव, दुसरीकडून नको. पार्सल आलं की फोडू नको, मी येतो.

पार्सल शेडवर आलं, कळताच मी निघालो. नाव मेघाचं. फोडलं प्रेमराजभाऊंनी. त्या घरात पार्सल तेच फोडतात. हिंदी व्हिडिओ लावून यंत्र सुरू पण त्यांनीच केलं.

मला हा माणूस पहिल्यापासून आवडत नाही. लपवून काय करू. त्याला मी पण आवडत नाही.

रावेरला उतरून घरी गेलो तर सगळे पुढच्या खोलीत. अक्काची सासू सुनंदाबाई झोपाळ्यावर. प्रेमराजभाऊ खुर्चीत. यंत्र देवासमोर. अक्का दाराशी उभी.

"आले का इंजिनियर," प्रेमराजभाऊ म्हणाले. "बारावी किती वेळा दिली रे तू?"

"दोनदा. तुम्ही?"

सुनंदाबाई म्हणाल्या, "पानी तं पिऊ दे पोराले."

मी पाणी प्यालो नाही. देवासमोरून यंत्र उचललं, शर्टाने कुंकू पुसलं.

"ओ! पूजा झाली हाये त्याची," प्रेमराजभाऊ ओरडले.

"मग काय झालं? मला हे पूर्ण पुसून नव्याने चालू करायचंय. हे शब्द गेले. दीडशे लोकांनी वाचले."

"लोकं? कोनती लोकं? आपले भावबंद हायेत ते."

"तेच म्हणतोय."

ते खुर्चीतून उठले. "म्हंजे आमचे भावबंद चोर हायेत?"

"एखादा असेल. नसला तरी त्यांचे मित्र, मित्रांचे फोन. फोटो किती पुढे गेला तुम्हाला माहीत आहे का?"

"आमच्या ग्रुपवरचं बाहेर जात नाही."

"मग माझ्याकडे कसा आला?"

त्यांनी अक्काकडे बघितलं. मला तेव्हाच कळलं की मी चुकीचं बोललो, पण जीभ थांबत नव्हती.

"आणि पिन काय टाकलाय?"

"ते तुले कशाले?"

अक्का हळूच म्हणाली, "ट्रॅक्टरचा नंबर."

"ट्रॅक्टरच्या मागे ऑइलपेंटने लिहिलाय तो? अख्ख्या रावेरला माहीत असलेला?"

सुनंदाबाई हसल्या. प्रेमराजभाऊ हसले नाहीत.

"हे पाहा," ते म्हणाले, "आमच्या घरात नवीन काहीबी आलं, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, वजनकाटा, त्याची पूजा होते आनि भावबंदांले दाखवतात. लपवून कोन ठेवतं? ज्याले चोरी करायची तो. हिले घरापासून काय लपवायचंय?"

"घरापासून नाही. सगळ्यांपासून. ते यंत्रच तसं असतं."

"तुले कोनी शिकवलं हे? मोबाईलचे काच बदलनाऱ्यानं आमाले घर शिकवायचं?"

मग मी नको ते बोललो. मी म्हटलं, "ठीक. तुमचे भावबंद सगळे देवमाणसं आहेत ना? अक्का, त्या वॉलेटमध्ये थोडंसं टाक. अगदी थोडं. राहिलं तर मी यांचे पाय धरतो आणि शेवटच्या बसने जातो. गेलं तर हे मला मशीन पुसू देतील."

"टाक," प्रेमराजभाऊ म्हणाले. "आत्ता टाक. पाहूच."

अक्काला नको होतं. चेहऱ्यावरून कळत होतं. "कशाला पण," असं म्हणाली, एकदाच. आम्ही दोघांनी ऐकलं नाही. तिने फोन काढला, ॲपमधून थोडे कॉइन त्या पत्त्यावर पाठवले. त्याआधी मी तिला यंत्राच्या स्क्रीनवर पत्ता दाखवला, फोनवरच्या पत्त्याशी शेवटपर्यंत जुळवून घेतला, कारण तेही करायचं असतं. तिच्या फोनवर कॉइन आलेले दिसले.

"आले ना?" प्रेमराजभाऊ म्हणाले. "बसा आता पाहात."

चहा झाला. मी मागच्या नळावर तोंड धुवायला गेलो. परत येऊन बसलो. प्रेमराजभाऊ मुद्दाम ग्रुपवरचे मेसेज मोठ्याने वाचत होते. "पाहा, निंबोलचे आबा म्हणतात शुभेच्छा. पाहा, सावद्याचा मोहित म्हणतो एक नंबर."

अक्काने स्क्रीन खाली ओढून पुन्हा बघितलं. मग पुन्हा.

"गेले," ती म्हणाली.

"कुठी गेले?"

"माहीत नाही. कोणीतरी काढले. दुसऱ्या पत्त्यावर गेलेत."

मला आनंद झाला. खरं सांगतो. माझ्या बहिणीचे कॉइन चोरीला गेले आणि मला आतून आनंद झाला, कारण समोरच्या माणसाचं तोंड पडलं. म्हणजे कोणीतरी ते शब्द आधीच स्वतःच्या फोनमध्ये टाकून बसलेलं होतं, काहीतरी येण्याची वाट बघत. शुभेच्छा देणाऱ्यांपैकीच कोणीतरी, किंवा त्यांच्याकडून घेणारं कोणीतरी.

"घ्या," मी म्हटलं. "देवमाणसं."

प्रेमराजभाऊंनी फोन खाली ठेवला. मला वाटलं आता गप्प बसतील. ते शांतपणे म्हणाले, "फोटो तुझ्याजवळ बी होता."

"काय?"

"मेघानं तुले पाठवला. सकाळीच. तू बसमधी बसून व्हता. शब्द टाकायची अक्कल ह्या घरात कोनाले हाये? तुलेच. आनि मंघाशी नळावर गेला तवा फोन हातात व्हता का नव्हता?"

होता.

"मी तुमच्यासारखा नाही," मी म्हटलं.

"मायासारखा नाहीच. मी पेट्या उचलतो, पसीना गाळतो. तू बसून लोकांच्या फोनमधी डोकावतो. तुलेच हे जिंकायचं व्हतं. तूच म्हनला टाक. तूच काढले."

मी त्यांच्या अंगावर गेलो. कॉलर धरली का? धरली. सुनंदाबाई झोपाळ्यावरून उठल्या, "अरे व माय, पाव्हन्याच्या अंगावर हात नको रे प्रेमराज," असं ओरडायला लागल्या, हात माझाच होता तरी. ते मला म्हणाले भडभुंज्या. मी त्यांना काय म्हणालो ते सुनंदाबाईंसमोर म्हणायला नको होतं.

अक्का मध्ये आली नाही. तिने माझ्या हातातलं यंत्र काढून घेतलं. फक्त तेवढंच. मग म्हणाली, आणि ती आमच्या बोलीत, अहिराणीत बोलली, जी रावेरला आल्यापासून ती कोणासमोर बोलत नाही,

"गयात ते मना व्हतात. तुमना दोन्हीसना नही. तुमन्या भांडनमा मना गयात."

गेले ते तिचे होते, आमच्या भांडणात गेले. मी कॉलर सोडली.

ती मधल्या खोलीत गेली, लॅपटॉप घेतला, कोरा कागद घेतला. प्रेमराजभाऊंना म्हणाली, "भाऊ, बाहेर बसा."

मी तिच्या मागे आत गेलो. साहजिकच. मीच तर करायला आलो होतो. तिने दार धरून ठेवलं.

"अमृत, तू बी बाहेर निंघ."

"मी? अक्का, तुला एकटीला नाही जमणार."

"तू मला सगळं लिहून पाठवलंय. वाचता येतं मला."

"मी बघणार नाही शब्द. तुझ्याकडे पाठ करून बसतो."

"बाहेर," ती म्हणाली, आणि दार लावलं. कडी घातल्याचा आवाज आला.

ओट्यावर एकच खाट होती. एका टोकाला प्रेमराजभाऊ बसले, दुसऱ्या टोकाला मी. समोरून केळीचा ट्रॅक्टर गेला, त्यांनी हात वर केला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी दारातून ओरडलो, "अक्का, आधी चुकीचा पिन टाकत राहा, म्हणजे आपोआप पुसलं जाईल!"

मी परत दाराला तोंड लावलं.

"शब्द स्क्रीनवर येतील तेच लिही! लॅपटॉपवर कुठेही टाइप करायला सांगितलं तर करू नको!"

"चूप बस," आतून आलं.

प्रेमराजभाऊ हसले. पहिल्यांदाच. मला त्यांचं डोकं फोडावंसं वाटलं.

बराच वेळ गेला. मला माहीत होतं ती काय करतेय. मी लिहिलं होतं की शब्द लिहून झाले की लगेच कॉइन हलवायचे नाहीत. यंत्र पुन्हा एकदा मुद्दाम पुसायचं, कागदावरून शब्द परत टाकायचे, तोच पत्ता दिसतो का बघायचं. एक अक्षर चुकलं असेल तर आत्ताच कळू दे. कंटाळवाणं काम असतं, लोक टाळतात. ती टाळत नव्हती.

प्रेमराजभाऊ म्हणाले, "तिनं कागद कुठी ठेवला ते मले पाहिजे. उद्या काही झालं तं घराले जबाबदारी हाये."

"मला पण," मी म्हटलं. आणि लाज वाटली, कारण आम्ही दोघं एकाच बाजूने बोललो होतो.

कडी निघाली. अक्का बाहेर आली, हातात यंत्र नाही, कागद नाही. केस विस्कटलेले.

"झालं?" मी.

"झालं. हलवले सगळे. ॲपमधलं खातं पण बंद केलं."

"कागद?" प्रेमराजभाऊ.

"आहे."

"कुठी हाये?"

"भाऊ, तुमच्या कपाटाची किल्ली कुठे असते मी कधी विचारलं?"

ते उठले. मला वाटलं आता काहीतरी होणार, मी पण उठलो. त्यांनी चपला घातल्या. "ह्या घरात राहायचं असन तं असं नाही चालनार," ते म्हणाले, "दिल्लीवरून येऊ दे त्याले," आणि शेडकडे निघून गेले. म्हणजे हे संपलेलं नाही. दाजी आले की पुन्हा होणार. तिला माहीत होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी टाकायला लागली.

"जेवीसन जाय," मला म्हणाली.

मी जेवलो नाही. नळावर पाणी प्यालो आणि निघालो. ती रस्त्यापर्यंत आली, डोक्यावर पदर घेऊन, तिथे घ्यावा लागतो.

"अक्का, मला तरी सांग कुठे ठेवलाय. तुला काही झालं तर?"

"नको."

"मी तुझा भाऊ आहे."

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "खरं सांग. तूच लिधं का ते?"

"अक्का!"

"रागवू नको. सांग फक्त."

"नाही घेतले मी ते कॉइन."

"बरं," ती म्हणाली.

मला तिच्या तोंडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. 'मला माहीत होतं', किंवा 'मला तसं नव्हतं म्हणायचं', काहीही. ती म्हणाली बरं. मी भांडणारच होतो, तोंड उघडलं होतं, पण माझ्याजवळ दाखवायला होतं काय? फोटो माझ्या फोनमध्ये होता. फोन नळावर माझ्या हातात होता. मीच तिला सांगितलं होतं की ज्याने शब्द बघितले त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, मग तो कोणीही असो, आणि आता ती तेच करत होती, माझ्यासोबत, आणि बरोबर करत होती, आणि माझं डोकं फिरलं होतं.

"जाय," ती म्हणाली. "जळगावची गाडी चुकी जाई."

मी स्टँडकडे चालायला लागलो. मागे वळलो तेव्हा ती घरात जाऊन दार लावत होती.