उपासाला काय खाता?

गावोगावी एसटीडीचे बूथ निघाले तेव्हाची गोष्ट. शिरूरला डॉक्टर थिट्यांच्या दवाखान्यात गौतमी नवी डॉक्टर म्हणून लागली. थिटे म्हणाले, "फोनवर नाडी सापडत नाही, मॅडम. कानानं तपासायचं. मी शिकवतो."

शिकवणी अशी की फोन तिनं घ्यायचा, स्पीकर चालू ठेवायचा आणि चुकली की थिट्यांनी तिथल्या तिथं टोकायचं. मध्ये नुसता पडदा. पलीकडं बाकावर बसलेल्या पेशंटांची करमणूक होई. थिटे मुद्दाम मोठ्यानं बोलत.

त्या मंगळवारी पाटसहून फोन आला. सिंधू बोलत होती. माहेर शिरूरचं, लहानपणापासून याच दवाखान्यात येणारी. पाचवा महिना होता.

"चक्कर येती, मॅडम. दळण घेऊन आले आन् गिरणीतच पडले. शेजारच्या बूथवरनं बोलतीय."

"आज काय खाल्लं?"

"उपास हाय."

"बरं. काल?"

"कालबी. सोमवार."

"उपासाला काय खाता?"

पडद्यापलीकडं खसखस पिकली. थिटे हसून म्हणाले, "मॅडम, साबुदाणा! तुमच्या घरी उपास नसतात, म्हणून तुम्हाला माहीत नाही. पुढं चला. गोळी सांगा."

गौतमीचे कान तापले, पण तिनं गोळी सांगितली नाही. घरी उपास नव्हते, म्हणूनच तिनं पुन्हा विचारलं. "सिंधूताई, उपास सोडताना काय खाता?"

गिरणीच्या आवाजात रडणं ऐकू आलं.

"सोडतच न्हाई. आत्याबाई देत न्हाईत. पयली पोरगी झाली ना. आता पोरगा व्हावा म्हणून रोजचा उपास धरायला लावलाय. रातच्याला भाकरी मागितली तर म्हणत्यात, देव बाटंल. कुणाला सांगू नका, मॅडम. कळलं तर दळणालाबी सोडायच्या न्हाईत."

"नाही सांगणार," गौतमी म्हणाली. "उद्या याच वेळी फोन करा. मी तुमच्या माहेरी निरोप..."

पडद्यापलीकडं चपला वाजल्या. एक म्हातारी उठली होती.

थिट्यांनी पडदा सारला. "बयाबाई, बीपी राहिलं की!"

"राहू द्या आता. पाटसला जाऊन येते. सोजराकडं."

"कोण सोजरा?" गौतमीनं विचारलं.

"सिंधूची सासू. बयाबाईंची धाकटी बहीण," थिटे म्हणाले. "हे लग्न यांनीच जमवलं. पण प्रश्न चांगला विचारलात हं! असंच खोदायचं."

गौतमी दारापर्यंत धावली. "आजी, थांबा. पोटात बाळ आहे तिच्या."

"तेवढं कळतंय आम्हाला, बाई. बाळासाठीच चाललंय सगळं," बयाबाई म्हणाल्या आणि स्टँडकडं वळल्या.

गौतमीनं बूथचा नंबर शोधून उलटा फोन लावला. बूथवाला दत्ता म्हणाला, "ती गेली दळण घेऊन. कुणाला पाठवू मॅडम त्यांच्या दारात? मला बी याच गावात ऱ्हायचंय."

तिनं सिंधूच्या माहेरी माणूस धाडला. भाऊ पाटसला जाऊन आला. दाराबाहेरच चहा मिळाला, बहीण देवाला बसली आहे, बोलत नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

गुरुवारी फोन आला. या खेपेला आवाज सोजराबाईंचा, मऊ, तुळशीला पाणी घालताना असावा तसा. "सूनबाईला बोलायचंय. गैरसमज नको."

मग सिंधू. एकेक शब्द ठेवल्यासारखा. "मला कुणी उपाशी ठेवत न्हाई. मी माझ्या मनानं नवस बोललेय. बाळ होईस्तोवर अन्नाला शिवायचं न्हाई. नुसतं तीर्थ."

बाकावरच्या बायकांनी हात जोडले. एकजण म्हणाली, "काय ती निष्ठा, माय!"

"लिहा," थिटे म्हणाले. "पेशंट स्वतः सांगतेय. याच्या पलीकडं आपल्याला जाता येत नाही."

गौतमीनं रिसीव्हर उचलला. स्पीकर बंद झाला. बाकावरच्या बायका पडद्याशी सरकल्या. ती तोंडाशी हात धरून हळू म्हणाली, "सिंधूताई, आता कुणालाही ऐकू जात नाही. फक्त मी आहे. बोला."

"बोला की, डॉक्टरीणबाई," सोजराबाई कानात म्हणाल्या. "आमी दोघीबी ऐकतोय."